बिननिळीची टोपी

तात्यांना त्यांची नजर बिघडली आहे असं मी सांगितलं. नजर बिघडली नव्हती. बिघडलं होतं माझं काम, आणि ते कबूल करायचं सोडून मी एका म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर ढकललं. तेही अशा माणसाच्या, ज्याच्या डोळ्यांवर निम्मं निरगुडसर विसंबून होतं.

तात्या आमच्या गावचे फोटोवाले. एसटी थांब्याजवळ त्यांचा स्टुडिओ होता. तो बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण रंग विचारायला बायका येतच राहिल्या. साडी घ्यायची मंचरला आणि ब्लाउजपीस जुळवायचा तात्यांच्या ओट्यावर, असा रिवाजच पडला होता. एकदा माझ्यासमोर एक बाई दोन कापडं घेऊन आली. "तात्या, ह्यो मोतिया का सायीचा?" तात्यांनी नुसती मान तिरकी केली. "सायीचा. मोतिया तुझ्या जावंचा, तिनं दिवाळीला नेसला व्हता." बाई फणकारली, "तिचं बरं ध्यानात ऱ्हातं तुमच्या!" तात्या म्हणाले, "मला मानसं ध्यानात ऱ्हात न्हाईत गं, रंग ऱ्हात्यात."

फोटो पाहायचा तर उंबऱ्याशी, सकाळी, सावलीत. ट्यूबखाली त्यांनी कधी कुणाला फोटो दाखवला नाही. "ट्यूब लबाड असती. ऊन आगाव असतं. सावली तेवढी खरं बोलती," असं म्हणायचे. लग्नाचा अल्बम न्यायला संध्याकाळी कुणी आलं की तात्या त्याला चहा पाजायचे आणि परत पाठवायचे, "उद्या सकाळी या पावणं, आता नवरी काळी दिसंल." पावणं चिडायचं, पण सकाळी यायचं.

आणि टोपी. लग्न कुणाचंही असो, तात्या मांडवात आले की आधी डोक्यावरची टोपी काढायचे, कुणाच्या तरी हातात द्यायचे आणि तिचा फोटो काढायचे. मांडवातून अंगणात गेले की पुन्हा एकदा टोपी. पोरं ओरडायची, "तात्या, लगीन टोपीचं हाय का?" तात्या म्हणायचे, "टोपी साक्षीदार हाय. नवरा-नवरी मागनं." माझ्या लग्नात ती टोपी माझ्या सासऱ्यांनी धरली होती, दोन्ही हातांत, नारळ धरावा तशी. आई म्हणाली, शकुन असतो तो. आम्ही सगळे तसंच समजत होतो. तात्यांचा हात शुभ, त्यांची टोपी शुभ. विचारलं कुणीच नाही.

त्यांचं एक वाक्य होतं : "पांढरं खरं ठेवा, बाकीचं रंग आपल्या पायानं घरी येत्यात." मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं होतं. पांढरं म्हणजे मन, चारित्र्य वगैरे, असं मुलांना समजावूनही सांगितलं. तात्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते पोट धरून हसले. का हसले ते मला तेव्हा कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मला जुन्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घ्यायचा नाद लागला. प्रकाशाची एक सपाट पाटी, तिच्यावर निगेटिव्ह, वर स्टँडला खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा. निगेटिव्ह नारिंगी असते. तिचा फोटो काढून कॉम्प्युटरवर उलटा केला की माणसं दिसू लागतात. पण त्यांचे रंग नेमके कसे होते, ते कॉम्प्युटरला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारं ऑटो नावाचं एक बटण असतं. मी ते दाबायचो आणि रंग आले म्हणून खूश व्हायचो.

तात्यांना हे कळलं तसे ते एक पाकीट घेऊन स्वतः घरी आले. आत निगेटिव्हची एकच पट्टी. "मास्तर, ह्यात तुझी काकू हाय," म्हणाले. "जगाच्या बायका काढल्या, घरची ही एकच. एका लग्नाच्या रोलात शेवटाला जागा उरली व्हती म्हणून." काकूंचं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाच्या कडेला. तिथे भाताच्या खाचराच्या बांधावर काकू उभ्या. काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तात्यांना त्या फोटोची मोठी प्रत भिंतीवर हवी होती. त्यांना दुसरं काही नको होतं.

पट्टीवर काकूंच्या आधीच्या चौकटीत नुसते दोन हात आणि टोपी होती. ती मी सोडून दिली. काकूंची चौकट घेतली, बटण दाबलं, प्रत काढली, फ्रेम करून तात्यांकडे नेली.

तात्या फ्रेम घेऊन उंबऱ्याशी गेले. फ्रेम सावलीत तिरकी धरून बघितली. मग म्हणाले, "ही साडी निळी हाय."

"हो ना, छान आलीय."

"तिची मोरपंखी व्हती. आनि भात असं असतं का? रोग पडल्यावानी दिसतंय." मग त्यांनी विचारलं, "मास्तर, टोपी बघितली का?"

मी म्हणालो, "तात्या, टोपी तुमच्या डोक्यावरच आहे!" आणि हसलो.

ते हसले नाहीत. त्यांनी हात वर नेऊन टोपी चाचपली, जणू खरंच विसरले होते. आणि तिथे मी ते बोललो. "तात्या, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना, त्यानंतर रंग जरा वेगळे दिसतात. फोटो बरोबर आहे. मशीन चुकत नाही." मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मला फक्त पुन्हा काम करायचा कंटाळा होता आणि आपली चूक निघाली याचा राग आला होता.

तात्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "आसंल," म्हणाले. "मशीन कशाला खोटं बोलंल?" आणि ती फ्रेम त्यांनी भिंतीवर लावली.

त्यानंतर ओट्यावर आलेल्या बायकांना ते सांगू लागले, "मला इचारू नका. माझी नजर गेली." बायकांना थट्टा वाटली, मग खरं वाटलं, मग त्या यायच्या थांबल्या. सकाळी उंबऱ्याशी बसणारे तात्या आत खाटेवर बसू लागले. जेवताना मुलीला विचारायचे, "आमटी पिवळी हाय का गं?" हे मला त्यांची मुलगी शालनताई हिनेच सांगितलं, आणि मी म्हणालो, "वय झालं, चालायचंच." दीड वर्ष असं गेलं.

मग एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा शालनताई अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरीवर सगळे कपडे निळसर पांढरे, लखलखीत. आणि टोपी एका बाजूला, वेगळी, सायीसारख्या पांढऱ्या रंगाची.

मी चेष्टेनं म्हणालो, "ताई, टोपीपर्यंत येईस्तोवर नीळ संपली वाटतं!"

"टोपीला नीळ न्हाई लावायची, मास्तर. आईपासनं चालत आलंय. चुकून निळीच्या बादलीत पडली तर बाबा दिवसभर बोलायचे न्हाईत."

"का?"

"आता का म्हंजी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "निळीचं पांढरं खोटं असतं म्हणून. परत्येक रोलासंगं पुण्याच्या लॅबला चिठ्ठी जायची बाबांची. टोपी टोपीच्या रंगाची आली पायजे, मग त्या उजेडातलं बाकीचं बरोबर येतं. तुमी कॉम्प्युटरवाले, तुमाला ठावं न्हाई व्हय?"

पांढरं खरं ठेवा. फळ्यावर लिहिलं होतं मी ते.

घरी येऊन, माझ्याकडेच राहिलेली ती पट्टी पुन्हा पाटीवर ठेवली. आधी टोपीची चौकट. या वेळी नीट पाहिली तेव्हा ते दोन हात कुणाचे ते कळलं. हिरव्या बांगड्या, आणि पलीकडे तोच बांध. काकूंनीच टोपी धरली होती. कॉम्प्युटरला सांगितलं, हे पांढरं, सायीसारखं. मग तेच माप पुढच्या चौकटीला लावलं. ऑटो बटणाला इतकं हिरवं भात एकदम बघून वाटलं होतं की काहीतरी चुकतंय, म्हणून त्यानं हिरवं मारून टाकलं होतं, आणि त्यातच साडी निळी झाली होती. आता खाचर हिरवं झालं, पाण्यासकट. काकूंच्या गालावरचा खोटा गुलाबी गेला. आणि साडी मोरपंखी झाली.

आता दर रविवारी तात्या माझ्याकडे येतात, शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मी टोपी शोधेपर्यंत मला पुढे जाऊ देत नाहीत. निरगुडसर-पारगावपासून डिंभ्यापर्यंतच्या गावांतली किती लग्नं आम्ही दोघांनी पुन्हा रंगात आणली. बायका पुन्हा ओट्यावर येतात, आणि जावांवरून तात्या त्यांची बोलणीही खातात. पण त्याआधी एक सकाळ होती, आणि तीच सगळ्यात अवघड होती.

नवी प्रत घेऊन मी गेलो. तात्यांना हाताला धरून उंबऱ्याशी आणलं. ते नको नको म्हणत होते, "मला काय दिसनार हाय?" सावलीत फ्रेम त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाहिलं. बोट साडीवर ठेवलं, मग भातावर, मग पुन्हा साडीवर.

"ही मोरपंखी," म्हणाले. "हीच."

मग माझ्याकडे वळले. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "मास्तर, माझी नजर परत आली रं!"

हो म्हणालो असतो तर संपलं असतं. ते आनंदात होते. शालनताई दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मला कुणी काही विचारणार नव्हतं. तोंडापर्यंत आलेलं ते 'हो' मी गिळलं आणि उंबऱ्यावर त्यांच्यासमोर बसलो.

"तात्या," मी म्हणालो, "तुमची नजर कुठं गेलीच नव्हती. साडी तेव्हाही मोरपंखीच होती आणि तुम्हाला बरोबर दिसत होतं. तुम्ही टोपी बघितली का विचारलंत, आणि मी हसलो. चूक माझी होती, आणि ती मी तुमच्या डोळ्यांवर घातली. मला माफ करा."