अकरा वाजून पाच मिनिटांची नोंद

मंगळवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी शेंद्र्याच्या एका कंपनीतला कंत्राटी कामगार छातीत दुखतं म्हणून शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात आणला गेला. दुपारी दोनच्या आधी तो वारला. केसपेपरवर आणल्याची वेळ होती एक वीस.

मी त्या रुग्णालयात अभिलेख विभागाचा प्रमुख लिपिक होतो. जनमाहिती अधिकारीही मीच. म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणारा माणूस.

दीड महिन्यानं त्याची बायको अर्ज घेऊन आली. सोबत भाऊ होता.

"साहेब, म्या अकरालाच आणलं व्हतं. सासरे म्हणतात, दोन तास कुठं फिरवत व्हतीस? तूच मारलंस. घरातनं काढलं मला, पोरगी ठिऊन घेतली."

"ताई, सर्व्हर बंद असेल. मग केसपेपर उशिरा निघतो आणि त्यावर मशीनची वेळ पडते."

"मंग खरी वेळ कुठंच नाय का?"

होती. अपघात विभागाच्या दारात एक नोंदवही असते. रुग्ण आत आला की परिचर त्यात हातानं नाव आणि वेळ लिहितो. शेवटच्या रकान्यात डॉक्टरांनी तपासल्याची वेळ असते. मी वही मागवली. आगमन अकरा पाच. तपासणी एक दहा.

वही घेऊन मी अधीक्षकांकडे गेलो. त्यांनी शेवटचा रकाना दोनदा वाचला.

"यात इतर पेशंटची नावं आहेत. वैयक्तिक माहिती. नाकारा."

"सर, बाकीच्या ओळींवर पट्टी लावून झेरॉक्स देता येते. कायद्यात तशी तरतूद आहे."

"कायदा मला शिकवताय? रिटायरमेंटला किती राहिलं?"

"तीन वर्षं."

"पेन्शनचे कागद कुणाच्या टेबलावरून जाणार, माहितीय ना?"

मी नकाराच्या पत्रावर सही केली.

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं. आमच्याकडे वरिष्ठ म्हणजे अधीक्षकच. सुनावणी सात मिनिटं चालली. अपील फेटाळलं. बाहेर पडताना बाईचा भाऊ मला म्हणाला, "आमी बी येडेच की. चोराचीच फिर्याद चोराकडं घिऊन आलो." तिनं माहिती आयोगाकडे दुसरं अपील केलं. तिथं नंबर लागायला वर्षं जातात.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात माझ्यासमोर सह्यांचा ढीग होता. त्यात मुदत संपलेले अभिलेख नष्ट करण्याची यादी होती. अशा यादीच्या शेवटच्या पानावर शेरा आधीच छापलेला असतो : 'वरील अभिलेखांबाबत कोणतेही प्रकरण प्रलंबित नाही.' अपील चालू असेल तर ती वही वगळायची असते. त्यासाठी यादी वाचावी लागते. आमच्याकडे कुणी वाचत नसे. कनिष्ठ लिपिक शेवटचं पान उघडून धरायचा आणि प्रमुख सही करायचा. मीही केली. त्या यादीत ती नोंदवही होती. पुढच्या महिन्यात सगळा गठ्ठा लगद्याच्या कारखान्यात गेला.

मी निवृत्त झाल्यावर आयोगाचा आदेश आला : नोंदीची प्रत पंधरा दिवसांत द्यावी. नव्या जनमाहिती अधिकाऱ्यानं अभिलेख नष्ट झाल्याचं कळवलं. सोबत पुरावा म्हणून यादीच्या शेवटच्या पानाची साक्षांकित प्रत जोडली.

ते पान घेऊन बाई माझ्या घरी आली. खालची सही तिनं वाचली होती.

"तुमी ती वही डोळ्यानं बघितली ना?"

"बघितली."

"मंग सासऱ्याला येऊन सांगा. तोंडानं सांगा."

रविवारी मी शेंद्र्याला गेलो. सासरे ओट्यावर बसले होते. वय सत्तरच्या पुढे. बाई आणि तिचा भाऊ रस्त्यावर रिक्षापाशी थांबले. बाईची आठ वर्षांची मुलगी दारातून बघत होती.

मी माझी नोकरी सांगितली. वेळ सांगितली. वहीत काय लिहिलं होतं ते सांगितलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कागद हाय का?"

"नाही."

"दवाखान्याचा शिक्का मारलेला कागद हाय माझ्याकडं. एक वीसचा. तुमी कोन? तिच्या भावाच्या वळखीचे?"

पोरीला आत नेऊन त्यांनी दार लावलं.

बाई आता गारखेड्यात भावाकडे राहते. मुलगी शेंद्र्याच्या शाळेत चौथीत आहे. शाळेच्या नोंदीत पालक म्हणून आजोबांचं नाव आहे.