आज माझी पेटी दोघांनी वाजवली

मंडळी, खांद्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले. डावा हात अजून गळ्यातल्या झोळीत आहे. पेटीचा भाता मारतो तो हाच हात. उजवा ठणठणीत आहे, पण भात्याशिवाय नुसती बोटं फिरवून सूर निघत नाही.

आज सकाळी बायको बाजारात गेली तेवढ्यात मी झोळी सोडली आणि भाता दोनदा ओढला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. गपचूप झोळी गळ्यात घातली, दातात धरून गाठ मारली आणि ती मानेमागे सरकवली.

संध्याकाळी भजनी मंडळाच्या तालमीला नुसता ऐकायला म्हणून गेलो. आमचा टाळकरी सुधा मिरकरवाड्याला मच्छीमारी करतो. त्याने टाळ ठेवला, मंडळात मी वाजवतो ती पेटी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या डावीकडे येऊन बसला.

"तू बोटं चालव, भाता मी मारतो."

आणि जाळं ओढावं तसा ओढला की! पेटी किंचाळली. पखवाजवाला हसून हसून आडवा.

मी ओरडलो, "मेल्या, जोर कशाला लावतोस? ती मागेल तेवढीच हवा दे!"

सुधा थांबला. माझ्या मानेमागे बघत राहिला. जाळी विणण्यात जन्म गेलाय त्याचा.

"ही गाठ वहिनीची नाय. एका हातान मारलेली हाय."

मी सकाळची चोरी कबूल केली.

"मग खांद्याला पण मागेल तेवढंच दे ना," म्हणाला, आणि गाठ सोडून नीट बांधली.

नंतर आम्ही दोघांनी मिळून एक अभंग वाजवला. अगदी सावकाश.

तुमच्या घरात असा कोणी पेशंट आहे का? त्याची गाठ एकदा बघून घ्या.