जुन्या पाइपाची स्थिती : चांगली

निपाणीच्या बाजूला एका गावात नगरपालिकेत माझी पहिली नोकरी लागली, तेव्हा आमच्या वस्तीतला मी पहिला इंजिनियर होतो. त्याच ऑफिसात माझे वडील, आप्पा, ड्रेनेजमध्ये उतरायच्या कामावर होते. मी टेबलाशी बसायचो, ते दाराबाहेर उभे राहायचे. मला नोकरीला लावण्यासाठी मोठ्या साहेबांनी शब्द टाकला होता. ते उपकार मी आजही नाकारत नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. बाजारपेठेखालचा ड्रेनेजचा काँक्रीटचा पाइप गळायला लागला होता. पेठ इतकी अरुंद की रस्ता खोदला असता तर दुकानांच्या पायऱ्याच उखडल्या असत्या. म्हणून न खोदता, चेंबरमधून जुन्या पाइपाच्या पोटात प्लॅस्टिकचा नवा पाइप ओढून बसवायचं ठरलं. अशा कामाचं मानक आमच्याकडे कुणाजवळ नव्हतं. साहेबांनी कुठूनतरी एका परदेशी पुस्तिकेची झेरॉक्स आणली होती. तिच्यात जाडी ठरवायच्या दोन रीती होत्या. जुना पाइप अजून मातीचा भार पेलत असेल, तर नव्याला फक्त बाहेरून झिरपणाऱ्या पाण्याचा दाब सोसायचा असतो. तो पातळ चालतो. जुना खचायला आला असेल, तर सगळा भार नव्यावरच येणार. तो जाडच हवा. कोणती रीत धरायची हे जुन्या पाइपाच्या स्थितीवर होतं, आणि ती स्थिती पाहून, लिहून, खाली सही करायचं काम माझं होतं.

मी आत उतरलो नाही. आप्पा उतरले. वर आले ते कोपरापर्यंत काळे होऊन. उजव्या हाताचं बोट पुढं करून म्हणाले, "वरची बाजू दह्यागत झालीया. बोट लावलं की आत जातंय. सळ्या उघड्या पडल्यात. जाडच घाल बाबा."

मी ते साहेबांना सांगितलं. पण पातळ पाइप आधीच मागवलेला होता आणि ऑफिसच्या आवारात येऊन पडलाही होता. साहेब खुर्चीत रेलले. "इंजिनियर, तुमच्या वडिलांचं बोट कुठल्या स्टँडर्डमध्ये बसतं? देशी का परदेशी?"

सगळे हसले. हेडक्लार्क म्हणाला, "साहेब, आधी ते बोट धुतलंय का विचारा."

दाराबाहेर आप्पांना सगळं ऐकू जात होतं. मीही हसलो. हसत हसतच लिहिलं, 'जुन्या पाइपाची स्थिती : चांगली', आणि सही केली.

दुसऱ्याच वर्षी पेठेतला रस्ता खचला. आतला पाइप चेपून चपटा झाला होता आणि मैला दुकानांत शिरला होता. वरून चौकशी आली. साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं.

"तू स्वतः उतरला नव्हतास ना? मग उतरलेल्या माणसानं सांगितलं, तेच तू लिहिलंस. त्याचा तसा जबाब घे. तुझी नोकरी अजून पक्की व्हायचीय, विसरू नकोस."

जबाब मीच लिहिला, कन्नडात. ऑफिसचा कारभार कन्नडातच चालायचा. आप्पा कन्नड फडाफडा बोलायचे, पण वाचता यायचं ते फक्त मराठी. तेही विहारातल्या वर्गात शिकलेलं, अक्षराखाली बोट धरून. कागदावर होतं : पाइप सगळीकडून टणक आहे, असं मी आत उतरून, पाहून सांगितलं.

"वाच की रं," आप्पा म्हणाले.

मी कागद समोर धरला आणि मराठीत वाचलं, "वरची बाजू दह्यासारखी झाली आहे. बोट आत जातं. पाइप जाड घालावा, असं मी सांगितलं होतं."

आप्पांचा चेहरा उजळला. "आत्ता कसं! तवाच लिव्हायचं हुतंस. तुझ्या त्या हसऱ्या साहेबाला पन दाखव." मग त्यांनी हात धोतराला दोनदा पुसला आणि कागदाच्या तळाशी आपलं पूर्ण नाव सावकाश, मराठीत लिहिलं.

पंधरा दिवसांनी त्यांना नोटीस आली, कामावरून कमी केल्याची. तीही कन्नडातच होती. आप्पांनी ती घरी आणली, घडी न मोडता माझ्या हातात दिली आणि समोर मांडी घालून बसले.

"वाच," म्हणाले, "आपल्या जबाबाचं काय झालं, ते आलं असंल."