दांडीला जावई नसतो

गिरणीत दिवसभर काम केलं की अंगावर कापूस बसतो. कितीही झटका, घरी गेल्यावर बायकोला केसांतून वेचून काढावाच लागतो. तालमीतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी कापडाच्या घड्या घालायच्या घडी खात्यात कामाला. अक्षरं कापडाच्या गाठींवरचे छाप बघून शिकलो, आणि तेव्हापासून रोजचं थोडं थोडं लिहून ठेवायची सवय लागली. लिहायला बसतो व्यायामाबद्दल, आणि कागदावर उतरतात माणसं!

आमच्या तालमीत मातीच्या हौद्याशेजारी दोन खांबांत एक आडवी दांडी आहे. मोडलेल्या हातमागाचा रूळ तो. लुगडी गुंडाळून गुंडाळून इतका गुळगुळीत झालेला, की नव्या माणसाचा हात हमखास घसरतो. दांडीला लोंबकळायचं, पाय न झाडता अंग वर ओढायचं आणि हनुवटी दांडीच्या वर न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. करताना आपल्याच अंगाचं वजन पहिल्यांदा कळतं.

मोजायचं काम इरप्पा वस्तादांचं. स्वतःची स्वतः मोजायची नाही, हा तालमीचा नियम. वस्ताद बुटके, म्हणून शेजारच्या दगडावर चढायचे आणि डोळा दांडीच्या रेषेत ठेवायचे. हनुवटी वर गेली तर आकडा. नाही गेली तर काहीच नाही! ओरडणं नाही, रागावणं नाही, नुसतं गप्प. त्या गप्प बसण्याची धास्ती मोठमोठ्या पैलवानांना असायची. आणि म्हणूनच वस्तादांनी मोजलं म्हटलं की पेठेत कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

*

हुसेनभाई टांगेवाल्यांची दाढी छातीपर्यंत. एकदा त्यांनी मोठ्या जोरानं अंग वर ओढलं. वस्ताद गप्प.

"लगी ना वस्ताद!" हुसेनभाई वरूनच ओरडले.

"दाढी लागली," वस्ताद म्हणाले. "हनुवटी अजून टांग्यातच हाय."

दुसऱ्या दिवशी हुसेनभाई दाढीला रुमाल बांधून आले. वस्तादांनी दगडावरून उतरून स्वतः ती गाठ घट्ट केली!

*

एका शाळेचे ड्रिल मास्तर आमची तालीम बघायला आले होते. पायांत बूट, गळ्यात शिट्टी. दांडी कशी धरावी यावर त्यांनी आम्हाला लेक्चर दिलं. तळवे पुढं करून धरली तर खरा व्यायाम. तळवे आपल्याकडं करून धरणं म्हणजे नवशिक्यांचं काम.

वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मास्तर, आमी दोन्ही करतो. तशी धरली की पाठ कामाला लागती, अशी धरली की दंड. देवानं दोन्ही दिल्यात, मग एकाला उपाशी का ठेवायचं?"

मास्तरांना ते पटलं नाही. बूट काढून ते दांडीला लागले. वर जाताना पाय मात्र सायकल मारल्यासारखे चालू!

वस्ताद गप्प. मग एवढंच म्हणाले, "मास्तर, पाय कुटं निघाले? शाळा सुटली का?"

मास्तर स्वतःच मोठ्यानं हसले, हे त्यांचं मोठेपण. पुढं दर रविवारी यायला लागले. शिट्टी घरी ठेवून.

*

महादेव हा वस्तादांचा सख्खा जावई. नागपंचमीला तालमीत दांडीची चढाओढ होती. शेवटच्या वेळी महादेवाची हनुवटी दांडीच्या बोटभर खाली थांबली. वस्ताद गप्प बसले, आणि महादेवाचा मानाचा नारळ दुसऱ्याला गेला.

वस्तादांची लेक माहेरी येऊन भांडली. "आप्पा, बोटभर तर होतं. घरातल्या माणसाचं एवढं तरी बघायचं!"

"घरात मी सासरा हाय. तितं न्हाय," वस्ताद म्हणाले. "दांडीला जावई नसतो!"

महादेव उरलेला अख्खा श्रावण सासऱ्याशी बोलला नाही. शेवटी सासूनं पुरणाच्या पोळ्यांना बोलावलं. वाढायला वस्ताद स्वतः उठले. महादेवानं मान खाली घालूनच ताटावर हात आडवा धरला, "बास."

वस्तादांनी वाकून ताटाकडं बारीक नजरेनं बघितलं. "अजून बोटभर जागा हाय की!"

महादेवाला हसू आवरेना. अबोला तिथंच संपला. पण ते बोटभर अंतर तो विसरला नव्हता. कुणी विषय काढला की म्हणायचा, "आमच्या सासऱ्याकडनं मोजून घेणं म्हंजे दगडातनं पाणी काढणं."

*

अंबण्णा आमच्याच गिरणीतला. जातीचा विणकर, घरात तेलुगू बोलणारा. सुतानं भरलेले जड बीम उचलून मागावर चढवणं हे त्याचं काम. विषमज्वरानं तो अंथरुणाला खिळला, आणि उठला तेव्हा दंड काठीसारखे झालेले. गिरणीच्या साहेबानं त्याला कामावर घ्यायला नकार दिला. घरी बायको सुताच्या कांड्या भरून कशीबशी चूल पेटती ठेवत होती.

मागखात्याचे मुकादम, दगडू जॉबर, मनानं वाईट नव्हते. ते तालमीत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "अंबण्णा, साहेबाला तुझ्या अंगातल्या ताकदीचा भरवसा पायजे. वस्तादांनी तुझी एक जरी मोजली, तरी मी साहेबाला शब्द देतो. पण दिवाळीपर्यंतच. मग जागा भरावी लागंल."

पहिले कितीतरी दिवस अंबण्णा नुसता लोंबकळायचा. पोरं चिडवायची, "अंबण्णा, तुला वाळत घातलंय व्हय?"

"सूत वाळल्याबिगर मागावर चढत नाय, तम्मी," तो धाकट्या भावाला सांगावं तसं वरूनच सांगायचा.

वस्तादांनी त्याला वेगळीच वाट दाखवली. स्टुलावर उभं राहून हनुवटी आधीच दांडीच्या वर ठेवायची, आणि मग हळूहळू खाली यायचं. "चढता येत न्हाय ना? मग उतरायला शिक. उतरता उतरता हात चढायचं शिकत्यात."

अंबण्णा उतरत राहिला. पावसाळा संपला, दंडांवर थोडं मांस आलं. तो अर्ध्यापर्यंत वर यायला लागला, मग नाकापर्यंत. वस्ताद दगडावर चढायचे, बघायचे आणि गप्प उतरायचे. अंबण्णा त्यांच्या पाया पडून घरी जायचा. त्यानं कधी तक्रार केली नाही. आम्हालाच वस्तादांचा राग यायचा.

*

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी दगडू जॉबर तालमीत आले आणि दांडीसमोर उभे राहिले. दांडीच्या मागच्या भिंतीवर कंदील टांगला होता. दगडाच्या समोरच्या बाजूला, अंबण्णा पडला तर धरायला, महादेव उभा होता. हौद्यातली कुस्तीही थांबली.

अंबण्णानं हाताला माती लावली, मारुतीला नमस्कार केला आणि दांडी धरली. पहिल्यांदा तो नाकापर्यंत गेला आणि थरथरत खाली आला. वस्ताद गप्प.

त्यानं दांडी सोडली नाही. डोळे मिटले आणि पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा ताठल्या. हळूहळू ओठ दांडीच्या वर गेले, आणि तो तिथंच अडकला. कंदिलाच्या उजेडात हनुवटी दांडीच्या खाली राहिलेली दिसत होती. बोटभर. मला दिसलं, म्हणजे सगळ्यांनाच दिसलं.

शेवटी अंबण्णाचे हात सुटले. महादेवानं त्याला कवेत झेललं.

"एक," वस्ताद म्हणाले.

सगळ्यांनी हळूच महादेवाकडं बघितलं. महादेव दांडीकडं बघत होता. अंबण्णाला नीट उभं करून तो सासऱ्याकडं वळला.

"आप्पा, मोजायला चुकलात."

वस्तादांनी दगडावरूनच मान वळवली.

"दोन झाल्या," महादेव म्हणाला. "पयली तुमी धरलीच न्हाय."

वस्तादांनी एकदा दांडीकडं, एकदा जावयाकडं बघितलं.

"दोन," ते म्हणाले.

दगडू जॉबरांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा नीट डोक्यावर बसवली. "अंबण्णा, पाडवा झाला की पयल्या भोंग्याच्या आधी गेटावर ये. आणि वस्ताद, तो कंदील जरा बारीक करा. लई उजेड पडतोय."