थोरल्या दिरांच्या छातीवर

आमच्या वाडीत जीप चालवणारं माणूस एकच, माझे थोरले दीर. चालवता येणारे बाकीचे सगळे मुंबईला; माझ्या नवऱ्यालाही येत नाही. पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या रस्त्यालगत आमची वाडी. कोणाला साप चावला, कोणी बाळंतपणात अडली, की हाक त्यांनाच.

मी अंगणवाडीत सेविका. गेल्या वर्षी पोलादपूरला आम्हाला एका दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर छाती कशी दाबायची, ते डॉक्टरबाईंनी शिकवलं. परत आल्यावर मी वाडीतल्या बायकांना गोळा केलं. पोत्यात पेंढा भरून माणूस केला आणि शाळेच्या पडवीत आडवा टाकला. बायका हसून हसून बेजार. "गो, ह्याला मिशा तरी काढ," माझी थोरली जाऊ म्हणाली. फोन कोणी करायचा, छाती कोणी दाबायची, गाडी कोणी काढायची, हे मी भिंतीवर खडूने लिहिलं. गाडीपुढे दिरांचं नाव. तेच पडले तर काय, हे कोणाच्याच मनात आलं नाही.

दिवाळी झाल्यावरची सकाळ. माझा नवरा गुरं घेऊन रानात गेला होता. खळ्यावर भात झोडून झालं होतं आणि दीर पोती जीपमध्ये चढवत होते. दुसरं पोतं उचलताना ते खाली बसले, मग आडवे झाले. कोणी पाणी आणायला धावलं, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. मध्येच त्यांच्या घशातून मोठा आवाज यायचा.

"घोरतायत. चक्कर आली असंल," शेजारची म्हातारी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी नेमकं ह्याबद्दलच सांगितलं होतं. असा आवाज आला तर माणूस झोपलाय असं समजू नका, हृदय बंद पडलेलं असू शकतं. मला शब्दन् शब्द आठवला, पण पाय हलेनात. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी मी त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नव्हते. काही सांगायचं तर जावेमार्फत. मी तशीच उभी. किती वेळ ते ठाऊक नाही. मला आजही सगळ्यात जास्त टोचतो तो तेवढा वेळ.

मग मी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात त्यांच्या छातीच्या मधोमध रोवले.

"ए, काय करतेस? दिराच्या अंगाला हात लावतेस?" सासरे ओरडले आणि माझा दंड धरला.

"सोडा तिला!" जाऊ किंचाळली. सासऱ्यांपुढे तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "दाबू द्या तिला. तिला येतंय." सासऱ्यांनी माझा दंड सोडला.

मला येत नव्हतं. मला फक्त पेंढ्याचं पोतं दाबता येत होतं. सातव्या-आठव्या दाबाला हाताखाली कट् झालं आणि बरगडी आत गेल्यासारखी वाटली. माझे हात आपोआप वर आले. मी मारलं ह्यांना, एवढंच डोक्यात.

"थांबू नको गो!" जाऊ ओरडली.

पुन्हा दाबायला लागले. तोंड काळंनिळं होत चाललं होतं, ते बघवेना म्हणून मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत मोजत राहिले. हातातलं बळ संपलं तेव्हा जाऊ पुढे आली. स्वतःच्या नवऱ्याच्या छातीवर वाकून ती रडत रडत मोजत होती, आणि तिचा एकही आकडा चुकत नव्हता.

पुतणी फोन घेऊन पाण्याच्या टाकीजवळ पळाली होती; वाडीत रेंज तिथेच. आमचं नशीब असं, की वरच्या गावात बाळंतिणीला सोडून ॲम्ब्युलन्स खालीच उतरत होती. ती पोलादपुरातून यायची असती तर काय झालं असतं, हा विचार मी पुरता करूच शकत नाही. ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरांनी छातीला शॉकच्या पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना लांब केलं. अंग एकदा उडालं. काही नाही. आम्हाला पुन्हा दाबायला लावलं. दुसऱ्यांदा उडालं, आणि थोड्या वेळाने डॉक्टर मानेला बोट लावून म्हणाले, ठोके लागतायत.

आधी महाडला, तिथून मुंबईला नेलं. ते तिकडेच दगावले असते तर वाडीने काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. हिने बरगड्या मोडल्या. सासरे माझ्याशी बोलत नव्हते.

दीड महिन्याने दीर घरी आले. अंगणात मी तांदूळ निवडत होते, घाईने उठले.

"बस," ते म्हणाले. जावेला नाही, थेट मला. "हसताना अजून दुखतंय."

"दोन बरगड्या मोडल्या माझ्या हातून."

"डॉक्टर बोलला तसं." जीपकडे बोट करून म्हणाले, "भावाला गाडी शिकवतो. आणि तुझ्या जावेला पण. भिंतीवर त्यांची नावं लिही."

गेल्या आठवड्यात पुन्हा बायकांना जमवलं. या वेळी कोणी हसलं नाही. हाड मोडलं तरी थांबायचं नाही, असं मी सांगितलं तेव्हा एक नवी सून उठून बाहेर गेली. मी तिला बोलावलं नाही. मला तिची भीती कळत होती. थोड्या वेळाने ती आपणहून परत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.