कुठं दुखंल ते आधी सांगा

फसवणाऱ्याला माझी आत्या एक वेळ माफ करील. पण ‘अजिबात दुखणार नाही’ असं म्हणणाऱ्याला तिनं उभ्या जन्मात माफ केलेलं नाही. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. लशींचा डबा खांद्याला लावून तिनं तोरण्याखालच्या वाड्यावस्त्या पायी तुडवल्या आणि प्रत्येक सुईआधी पोराला, पोराच्या आईला आणि नुसत्या बघायला आलेल्या शेजारणीलाही बजावलं, “दुखंल. सांच्याला ताप येईल. दोन दिस पोर किरकिर करंल. मग मला शिव्या द्यायच्या न्हाईत.” एकदा नव्यानं आलेले डॉक्टर एका मुलीला म्हणाले, “मुंगी चावल्यासारखं वाटेल.” आत्यानं भर दवाखान्यात विचारलं, “सायेब, तुमाला कंदी चावली का मुंगी?” त्या दिवसापासून डॉक्टरसुद्धा सुई दाखवून “दुखेल हं” म्हणायला लागले.

निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हाती आले तेव्हा तिनं जाहीर केलं, की निम्मे पोस्टात, निम्मे शेअरमध्ये, आणि आपण वेल्ह्यात, एकटी, शेवटपर्यंत. “तुझ्या पुण्याच्या फ्लॅटात बसून चहा मागून प्यायची न्हाई मी,” हे वर. भावकीत कॉम्प्युटरवर काम करणारा मी एकटा, म्हणून सगळ्यात स्वस्त ऑनलाइन ब्रोकर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. दर शनिवारी कंपन्यांची माहितीपत्रकं पिशवीत भरून मी एसटीत बसायचो. वाटेत विंझरला गाडी थांबायची, कंडक्टर चहा प्यायला उतरायचा, आणि मी आत घामाघूम बसून विचार करायचो, की मुंबईतल्या लोकांना ही खाती दहा मिनिटांत उघडता येतात, मग माझ्याच नशिबात ही बाई का?

पहिलंच पत्रक मी मोठ्या ऐटीत तिच्यापुढे ठेवलं. खातं उघडणं फुकट, पहिलं वर्ष फुकट. मुदत संपलेली बाटली धरावी तसं तिनं ते दोन बोटांत धरलं. “फुकट? मग ह्यांची पोटं कशावर चालत्यात?” असं म्हणून तिनं लसीकरणाचा जुना तक्ता उलटा केला आणि पाठीमागे रकाने आखले. आत्ताचं दुखणं. वर्षाचं दुखणं. घेतानाचं दुखणं. विकतानाचं दुखणं. मी म्हटलं, “अगं आत्या, याला चार्जेस म्हणतात.” ती म्हणाली, “तू म्हन.”

मग तिनं एकेका कंपनीला फोन लावायला सुरुवात केली. सगळ्यांना प्रश्न एकच: “माझं पैसं तुमच्याकडं आलं, की मला कुठं कुठं दुखंल ते आधी सांगा.” एकीनं नम्रपणे सांगितलं, की दुखण्यासाठी आमचा विमा विभाग वेगळा आहे, मॅडम. एक जण “काहीच चार्जेस नाहीत” म्हणाला, त्याला “खोटारड्या!” एवढंच ऐकायला मिळालं आणि फोन आपटला गेला. बिल तिचं, पण लाज माझी जात होती. मी ओरडलो, “आत्या, ही माणसं शेअर विकत घेऊन देतात, लस टोचत नाहीत!” ती शांतपणे पुढचा नंबर फिरवत होती.

चौथ्या की पाचव्या शनिवारी फोनवर एक घोगऱ्या आवाजाचा माणूस भेटला. तो म्हणाला, “बाई, खातं उघडायला पैसे पडतील. दरवर्षी पडतील. घेताना दलाली, विकताना दलाली, वर कर, आणि विकताना आणखी एक आकार. शेअर पडला तर आम्ही काही करू शकणार नाही.” आत्या खाली बसली. “आनि?” “आणि रोज घेणं-विकणं केलंत तर आमचं भलं होईल, तुमचं नाही.” आत्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली. सगळे रकाने भरल्यावर बेरीज केली, तर पाच वर्षांत तोच सगळ्यात स्वस्त निघाला. माझा फुकटवाला सगळ्यात महाग. प्रत्येक छोट्या सौद्याला किमान दलाली द्यावी लागेल, हे त्यानं पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलं होतं. माझा इतका संताप झाला, की तो नक्की कोणावर हेच मला ठरवता येईना.

पुढे महिन्यातून एकदा ती भोरच्या सायबर कॅफेत जाऊन शेअर घ्यायची, थोडे थोडे. बाजार कोसळला तेव्हा मी घाबरून फोन केला. “ताप हाय,” ती म्हणाली. “आधीच सांगितलं हुतं त्यानं. उतरंल.” उतरला.

मग एका सकाळी ती अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याच्या दवाखान्याचं बिल तिनं स्वतः शेअर विकून भरलं. विकतानाचा आकार मला मोठ्यानं वाचायला लावला. ऑपरेशननंतर चार दिवसांनी तिनं विचारलं, “मी परत वेल्ह्यात एकटी राहीन का रं?”

“राहशील की!” मी म्हणालो. “महिन्याभरात पळायला लागशील.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तू बी फुकटवाल्यातलाच व्हय?”

मला रडू फुटलं. मी तिचा हात धरला. “नाही, आत्या. डॉक्टर म्हणतात, आता एकटीला राहता येणार नाही. माझ्याकडे यावं लागेल.”

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाली, “दुखलं.” आणि माझा हात तिनं सोडला नाही.

आता ती आमच्याकडे असते. सकाळी लवकर जागी होते, म्हणून मी तिच्याही आधी उठतो आणि चहा तिच्या उशाशी नेऊन ठेवतो. अजून एकदाही तिला तो मागावा लागलेला नाही.