उरलेलं कुलूप

"सार, सातही जणांनी कुलपं काढली. तरी एक लटकतंय," फिटर सेल्वम म्हणाला.

एन्नोरच्या एका वीज केंद्रात मी तेव्हा शिफ्ट इन्चार्ज होतो. बॉयलर दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद होता. आत उतरणाऱ्या प्रत्येकाने स्टार्टच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि बाहेर आल्यावर कुलूप काढायचं, असा आमचा नियम. एक जरी कुलूप दिसलं, तरी आत माणूस आहे असं धरायचं. पेटलेल्या बॉयलरमध्ये माणसाचं काय होतं, ते सांगायला नको.

रजिस्टरमध्ये सात नावं होती आणि सातही जण समोर उभे होते. कुलूप जुनं, नावाची चिठ्ठी नसलेलं. कुणाचीच किल्ली लागेना.

साहेबांना फोन केला.

"राव, दोनला बॉयलरचं लाइट-अप आहे. तोडा ते."

"सर, आत बघावं लागेल."

"मॅनहोल बंद झालेत. उघडून परत बंद करायला चार तास जातील. माणसं समोर आहेत ना? मग?"

कुलूप तोडण्याचा वेगळा फॉर्म असतो. त्यावर छापलेलं असतं, 'मी स्वतः आत जाऊन पाहिले. आत कोणी नाही.' मी खाली सही केली. आत न जाताच.

सेल्वमने कटर लावला, तोच आतून ठोके आले. तीन. सावकाश, सारख्या अंतराने.

"तापलेलं लोखंड थंड होताना वाजतं," मी म्हणालो.

"सार, आठ दिवस थंडच आहे," तो हळूच म्हणाला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

मॅनहोल उघडायला लावलं आणि टॉर्च घेऊन मीच आत शिरलो. कोपरा न् कोपरा पाहिला. राख, ओलसर वास, आणि भिंतींवरून परत येणारा माझाच श्वास. हाक मारली. कोणीच नव्हतं. तेव्हा मनात पहिलं काय आलं? माणूस वाचला, हे नाही. माझी सही वाचली, हे आलं. त्या अंधारात मला खरी भीती माझीच वाटली.

बाहेर येऊन फॉर्मवर सहीखाली लिहिलं, 'सही करताना मी आत पाहिले नव्हते.'

साहेब भडकले. "आत कोणी नव्हतंच ना? मग हे लिहायची काय गरज?"

"सर, सही केली तेव्हा मला ते माहीत नव्हतं."

संध्याकाळी कुलूप तोडलं, बॉयलर पेटला. ते कुणाचं होतं, आजवर कळलेलं नाही. मला मेमो मिळाला, शिफ्ट गेली आणि ट्रेनिंग विभागात बदली झाली. मी काळजी घेणारा माणूस आहे, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत होती. एका सहीत ती निकालात निघाली.

आता नव्या बॅचला पहिल्याच तासाला मी हे सांगतो. ठोके कुणाचे होते, असं प्रत्येक बॅच विचारते. सहीबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही.